न आलेला फोन

गेल्या पावसाळ्यात माझ्या नात्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेला दुपारी दोनच्या सुमारास व्हॉट्सअॅपवर कॉल आला. पडद्यावर खाकी वर्दीतला फोटो. ‘तुमचा मुलगा आमच्याकडे आहे. मित्रांबरोबर एका मुलीच्या केसमध्ये सापडलाय. वर कळायच्या आत मिटवायचं असेल तर बोला.’ मागून रडका आवाज : आई, मला सोडव. बाईंनी अर्ध्या तासात पासष्ट हजार रुपये पाठवले. मुलगा त्या वेळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, फोन सायलेंटवर ठेवून.

त्याच महिन्यात एका तालुक्याच्या गावी दुसरी बाई भेटली. खानावळीत पोळ्या लाटते. तिचा बावीस वर्षांचा मुलगा गॅरेजवर कामाला. साध्या कपड्यांतली चार माणसं आली, ‘जरा चौकशी आहे’ म्हणाली आणि त्याला पांढऱ्या बोलेरोत घालून घेऊन गेली. दीड दिवस तिला एकही फोन आला नाही. ठाण्यात तीनदा जाऊन आली. ठाणे अंमलदार म्हणाला, ‘आमच्याकडे अशी काही नोंद नाही.’ हे वाक्य खरंच होतं. नोंद नव्हती, पोरगा होता. चौथ्या फेरीला समोरच्या टपरीवरचा पोऱ्या हळूच म्हणाला, ‘मावशी, परवापर्यंत आत दोन कप जायचे. कालपासून तीन जातात.’

कायद्यात ज्याला कुठेच जागा नाही तो फोन आला, आणि कायद्याने जो आलाच पाहिजे तो आला नाही. हे दोन प्रसंग मला वेगळे वाटत नाहीत. शिक्षिकाबाईंना अडाणी, भोळ्या म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्या तशा नाहीत. तो कॉल त्यांना खरा वाटला, कारण खऱ्या अटकेची बातमीही आपल्याकडे बहुधा अशाच वाटेने येते : अनोळखी आवाज, अर्धी माहिती, ‘कुणाला बोलू नका’ आणि पाठोपाठ पैशाची गोष्ट. अटक झाल्यावर घरच्यांनी अंधारात राहायचं, ओळखी काढायच्या, हात जोडायचे, ही रीत आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की तिची नक्कल करणं चोराला अवघड राहिलेलं नाही.

वास्तविक घरच्यांना कळवण्याचा दंडक नवा नाही, आणि त्याची एक मुळी मुंबईतच आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. न्यायालयाने निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक ए. आर. देसाई यांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल दिला. अटक होताच पोलिसांनी त्या माणसाला विचारायचं, कुणाला कळवू? आणि कळवायचं. जवळच्या कायदेशीर मदत समितीलाही खबर द्यायची. अटकेतल्या माणसाचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावायचे. त्याच निकालात दोन परदेशी महिला कैद्यांना एका वकिलाने लुबाडल्याचा प्रसंगही नोंदला आहे. अडलेल्या माणसाभोवती गिऱ्हाईक शोधत फिरणारे तेव्हाही होते.

पुढे डी. के. बसू खटल्यात १९९६ च्या डिसेंबरात न्यायालयाने अकरा नियम घालून दिले : अटकेची लेखी नोंद, तिच्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, नातेवाइकाला खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. यातलं बरंचसं नंतर फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते टिकून आहे. कलम ४८ म्हणतं की अटक झाल्याची आणि माणूस कुठे ठेवला आहे याची खबर त्याने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला ताबडतोब द्यायची, तशी ठाण्याच्या वहीत नोंद करायची, आणि हे झालं की नाही याची खातरजमा दंडाधिकाऱ्याने करायची. कलम ३७ तर आणखी पुढे जातं. प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी यासाठी नेमायचा. अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे लावायचं.

म्हणजे कागदावर काही कमी नाही. मग खानावळीतली बाई टपरीवरच्या कपांवरून मुलाचा माग का काढत होती?

कारण सगळा खेळ ‘अटक’ या शब्दावर चालतो. कळवण्याचं बंधन अटकेनंतरचं. म्हणून अटक दाखवायचीच नाही. माणूस ‘चौकशीसाठी बोलावला आहे’. संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाने प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायला सांगितलं आहे, पण ते घड्याळ सुरू कधी करायचं हे ज्याच्या हातात वही आहे तो ठरवतो. सोमवारी दुपारी उचललेला माणूस मंगळवारी रात्री ‘बसस्थानकाजवळ संशयास्पद फिरताना मिळून आला’ असा कागदावर उगवतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालच्या एका निकालात स्पष्ट केलं होतं की माणसाचं हिंडण्याफिरण्याचं स्वातंत्र्य काढून घेतलं त्या क्षणी अटक सुरू होते. अधिकारी ती कधी लिहितो त्यावर ती ठरत नाही. पस्तीस वर्षं होऊन गेली. वकिलाला हा निकाल पाठ असतो, पण रात्री अकराला ठाण्याच्या बाकड्यावर बसलेल्या बापाजवळ वकील नसतो.

हे हरवलेले तास निरुपद्रवी नसतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत लुटीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण कोठडीतून पळाला असं पोलिसांनी त्याच्या घरच्यांना सांगितलं. तो पळाला नव्हता. कोठडीत मेला होता, आणि त्याचा मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळला होता. घरच्यांनी त्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही. पुढे त्याच ठाण्यातल्या अधिकाऱ्यावर आणि पोलिसांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. सगळीकडे असं होत नाही, हे उघड आहे. पण जे वाईट व्हायचं ते बहुधा याच अवधीत होतं, जेव्हा माणूस कुणाच्या ताब्यात आहे याचा कुठेच पुरावा नसतो.

म्हणून घरच्यांचं पहिलं काम पुरावा तयार करणं हे आहे. शोधाशोध त्याच्या बरोबरीने चालू राहील. जुन्या पिढीतले जिल्हा कोर्टातले वकील पक्षकाराला आधी पोस्टात पिटाळायचे, ‘तार कर’ म्हणून. पोलीस अधीक्षकाला एक, दंडाधिकाऱ्याला एक : माझ्या मुलाला आज अमुक वाजता अमुक ठिकाणाहून पोलिसांनी नेलं आहे. तारेवर वेळेचा शिक्का असायचा. पुढे पोलिसांनी अटक दुसऱ्या दिवशीची दाखवली तर तो चिटोरा कोर्टात बोलायचा. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. आता तेच काम ईमेल करतो. अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाला चार ओळी पुरतात. ११२ वर केलेल्या कॉलचीही वेळेसह नोंद राहते. कुणी पाहिलं, गाडी कुठली, अंगावर कपडे कोणते, हे त्याच रात्री वहीत उतरवून ठेवावं. गल्लीच्या तोंडाशी दुकानाचा कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण लगेच मागून घ्यावं, कारण खासगी कॅमेऱ्यातलं थोड्या दिवसांत पुसलं जातं. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपावं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. ते मागणारा अर्ज मात्र वेळेत पडायला हवा.

शोधताना लोक एकाच ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात. उचलणारे बरेचदा त्या ठाण्याचे नसतातच. जिल्ह्यात ते स्थानिक गुन्हे शाखेचे, म्हणजे एलसीबीचे असतात, मुंबई-पुण्यात क्राइम ब्रँचच्या एखाद्या युनिटचे. कधी शेजारच्या जिल्ह्याचे, कधी परराज्यातले. परराज्यातले असतील तर आधी इथल्या दंडाधिकाऱ्याकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे माणसाला त्यांच्या राज्यात नेण्याची परवानगी, घेतात. तेव्हा गाठायची जागा इथलंच कोर्ट. नव्या संहितेने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे : हद्दीतला असो वा नसो, दंडाधिकाऱ्यापुढे हजर करता येतं. त्यामुळे शोधाचं वर्तुळ मोठं ठेवावं लागतं. जाणती माणसं दोन जागी थांबतात. पहिली सिव्हिल हॉस्पिटलचा अपघात विभाग, कारण कोर्टात नेण्याआधी आरोपीला मेडिकलला तिथेच आणतात. दुसरी रिमांडच्या वेळी कोर्टाची ओसरी. रविवार असेल तर सुट्टीचं कोर्ट. ठाण्यात न दिसलेला माणूस इथे दिसतो. चोवीस तास उलटून कुठेच पत्ता नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका. मुंबई, नागपूर, औरंगाबाद आणि पणजीच्या जोडीला ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच आहे. सांगली-सोलापूर-सिंधुदुर्गातल्या माणसाला आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. एक अधिकारी मला म्हणाला, ‘घरी कळवलं की तासाभरात साथीदार पसार, मोबाईल विहिरीत.’ हे अगदीच खोटं नाही. पण कायदा तपासातलं काहीच उघड करायला सांगत नाही. माणूस जिवंत आहे, आमच्याकडे आहे, अमुक ठिकाणी आहे, एवढंच सांगा म्हणतो. आणि साथीदारांना पांढरी बोलेरो दिसलेलीच असते. अंधारात राहतात ते फक्त आईबाप.

याच संदर्भात कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणातला एक भाग मला नेहमी आठवतो. पाकिस्तानने त्यांना ३ मार्च २०१६ रोजी अटक केली आणि भारताला कळवलं २५ मार्चला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये हा तीन आठवड्यांचा उशीरही व्हिएन्ना कराराचा भंग ठरवला. मधल्या काळात, २०१७ च्या नाताळात, आई आणि पत्नी काचेच्या पलीकडून त्यांना भेटल्या. आईला मराठीत बोलू दिलं नाही, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला चीड आली, आणि यायलाच हवी होती. आपल्या तालुक्याच्या ठाण्याबाहेर बसलेल्या आईबद्दल मात्र आपण म्हणतो, काहीतरी केल्याशिवाय का उचलतील?

या वाक्यामुळे शेजारी दार लावून घेतात, आणि उघड्या राहिलेल्या फटीतून मध्यस्थ आत येतो. कुणी साहेबांच्या ओळखीचा असतो, कुणी पक्षाचा कार्यकर्ता, कुणी कोर्टाच्या आवारात काळा कोट घालून फिरणारा. ‘कलम हलकं करतो’, ‘पीसीआर (पोलीस कोठडी) मिळू देत नाही’, ‘आत मारणार नाहीत याची जबाबदारी माझी.’ या शेवटच्या वाक्याला घरं गहाण पडतात. काही वेळा तो खरंच काही करतो, बऱ्याचदा जे आपोआप होणारच होतं त्याचे पैसे घेतो. चोवीस तासांत कोर्टात नेणं बंधनकारक आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाला ‘उद्या कोर्टात काढायला लावतो’ हे वचन दहा हजारांना विकता येतं.

ज्याला पैसे मोजावे लागत नाहीत त्याचं नाव सहसा कुणी सांगत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे अटकेतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयात त्याचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आता बऱ्याच जिल्ह्यांत लोकअभिरक्षक, म्हणजे मोफत बचाव करणारे वकील, नेमले आहेत, आणि १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. मोफत वकील म्हणजे वाईट वकील, हा समज अर्धा खरा आहे. काही जण फाइल न उघडता उभे राहतात, तेही पाहिलं आहे. पण पहिल्या रिमांडला कुणीतरी उभं असणं आणि कुणीच नसणं यात मोठं अंतर आहे. चांगला खासगी वकील नंतरही करता येतो. तोवर कोऱ्या कागदावर सही मात्र करू नये, पोलिसांच्या नाही आणि वकिलाच्याही नाही. घरच्यांनी फोनवर घटनेची चर्चा करू नये. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आमचा निर्दोष आहे, तो तर तिथे फक्त उभा होता’ असं लिहिणारा मामा खटल्याचं किती नुकसान करतो, हे त्याला कळत नाही. उभा होता, ही कबुलीच झाली.

पहिला रिमांड हा बहुतेकांना उपचार वाटतो, आणि बरेचदा तो दोन मिनिटांत उरकतोही. दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ आरोपी मागे उभ्या हवालदाराकडे पाहतो आणि नाही म्हणतो. समोर घरचं माणूस दिसलं तर उत्तर बदलू शकतं, एवढ्यासाठी तिथे असावं. अटकेची कारणं लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत दिली का, हे वकिलाने विचारायचं असतं. वरळीतल्या मोटार अपघाताच्या खटल्यातून निघालेल्या नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केलं. लगेच देणं शक्य नसेल तर निदान रिमांडच्या दोन तास आधी ती हातात पडली पाहिजेत. मधुमेहाची, फिटची, मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर चिठ्ठी कोर्टापुढे ठेवून आदेशात तसं लिहून घ्यावं. तोंडी विनंती कोठडीच्या दारात विरून जाते. पोरगा अठराच्या आतला असेल तर कोठडीच बेकायदा आहे. जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला घेऊनच पळावं.

आणि इथे एक नवी गोष्ट आहे, जिची कुटुंबांना अजून कल्पना नाही. पूर्वी पोलीस कोठडीचे दिवस पहिल्या पंधरा दिवसांतच संपत. एकदा एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाला, माणूस तुरुंगात गेला, की घरचे जरा निर्धास्त होत; आता मारहाण नाही, मुलाकातीचा दिवस ठरलेला. नव्या संहितेच्या कलम १८७ प्रमाणे ते पंधरा दिवस, गुन्ह्याच्या शिक्षेनुसार, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. म्हणजे महिन्याभराने तुरुंगाच्या दारात डबा घेऊन गेलेल्या बायकोला ‘तो परत ठाण्याला गेला’ असं उत्तर मिळू शकतं, आणि शोध पुन्हा पहिल्यापासून. जामिनावरही याचा परिणाम होतो, कारण ‘अजून कोठडीचे दिवस शिल्लक आहेत’ हे कारण हाताशी राहतं. या बदलावर वकिलांच्या सभांत चर्चा झाली. ज्यांना झळ बसणार त्यांच्यापर्यंत ती पोचली नाही.

जामिनाचं दुखणं निराळं आणि जुनं आहे. २०२२ च्या अखेरीला देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. त्यांतले कित्येक जामीन मंजूर होऊनही आत असतात, कारण जामीनदार मिळत नाही. सातबारा, घरपट्टीची पावती, तहसीलचा ऐपतीचा दाखला, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने हे आणायचं कुठून? कोर्टाबाहेर तयार जामीनदार भाड्याने मिळतात. त्यांची रेशनकार्डं बनावट निघाली की आतला माणूस आतच राहतो आणि बाहेरच्या भावावर दुसरा गुन्हा पडतो. वास्तविक सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असा जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदत देणारी केंद्राची योजनाही त्याच वर्षी आली. दोन्हींसाठी अर्ज कुणीतरी बाहेरून ढकलावा लागतो.

आता पुन्हा पहिल्या फोनकडे. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून अटक, म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’, असलं काही कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच कळवलं पाहिजे. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. जामीन कोर्ट देतं, किंवा जामीनपात्र गुन्ह्यात ठाण्यात बंधपत्रावर मिळतो. फोनवर कुणाच्या खात्यात पैसे भरून मिळत नाही. ठाण्याचं नाव, अधिकाऱ्याचं नाव, गुन्हा नंबर विचारा, फोन ठेवा, आधी मुलाला फोन करा, मग ठाण्याच्या लँडलाइनवर. हे सगळं मी शिक्षिकाबाईंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मी ठाण्यात फोन केला असता आणि ते म्हणाले असते, नोंद नाही. मग मी काय समजायचं?’

मला उत्तर सुचलं नाही. नोंद नाही, याचा अर्थ माणूस तिथे नाही असा होत नाही, हे मीच पंधरा दिवसांपूर्वी पाहिलं होतं.

खानावळीतल्या बाईंबरोबर मी नंतर त्या ठाण्यात गेलो होतो, मुलाच्या जप्त मोबाईलच्या अर्जासाठी. भिंतीवर आजवरच्या प्रभारी अधिकाऱ्यांची नावं लिहिलेला सागवानी फलक, ताजा वार्निश केलेला. शेजारी काचेचा सूचनाफलक, कुलूप लावलेला. आत मंडळांसाठी ध्वनिक्षेपकाचे नियम, एका हरवलेल्या म्हातारीचा फोटो, आणि ‘अटक आरोपींची माहिती’ असं शीर्षक असलेला एक तक्ता. रकाने आखलेले होते. एकही नाव नव्हतं. आत त्या वेळी तिघे बसलेले दाराच्या गजांतून दिसत होते. मी अंमलदाराला विचारलं, हा तक्ता भरत नाही का कुणी?

‘भरतो की,’ तो म्हणाला. ‘किल्ली साहेबांकडं असते. साहेब बंदोबस्ताला गेलेत.’